डोक्यावरचा हात : 'पॉल गेला' अफवेच्या पॅनेलच्या नोंदी

२ जून २०२५
मामाकडून आज बीटल्सच्या एलपी आणल्या. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये मांडीवर धरून, वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या कारण पाऊस केव्हाही येईल असं आभाळ होतं. सार्जंट पेपर, मॅजिकल मिस्टरी टूर, ॲबी रोड आणि एक बरीच खराब झालेली रबर सोल. आमच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी ग्रामोफोनवर रेकॉर्डी ऐकायला लोक जमतात, जुलैच्या बैठकीला मी बारा पॅनेल, म्हणजे चित्रं आणि मजकुराचे फलक, करणार असं बोलून बसलेय. विषय मामाचाच. बीटल्स या इंग्लंडमधल्या चौघांच्या बँडमधला पॉल मॅकार्टनी १९६६ सालीच कार ॲक्सिडेंटमध्ये गेला, उरलेल्या तिघांनी त्याच्यासारखा दिसणारा माणूस आणून उभा केला आणि मग मन खायला लागलं म्हणून रेकॉर्डच्या कव्हरांवर खुणा पेरल्या, ही गोष्ट. मामानं ती कॉलेजच्या होस्टेलवर ऐकली आणि त्यानंतर कित्येक रात्री तो भिंग घेऊन कव्हर बघत बसायचा. ज्या माणसाची गाणी तोंडपाठ तोच मेलाय आणि आपल्याला कोणी सांगत नाहीये, हे विसाव्या वर्षी केवढं वाटत असेल. मला ही पॅनेल नीट करायचीयेत. "सगळा मूर्खपणा" असं लिहून मोकळं व्हायचं नाही, एकेक खूण घ्यायची आणि तपासायची.

४ जून
स्कॅनिंग. एलपीचं कव्हर साधारण एकतीस सेंटीमीटर चौरस आणि माझा स्कॅनर ए-फोर, म्हणजे एका कव्हरचे चार तुकडे करून फोटोशॉपमध्ये जोडावे लागतात. त्यात जुन्या छपाईचे ठिपके, स्कॅन केलं की त्यांची जाळी उमटते. सहाशे डीपीआयला स्कॅन करून मग लहान केलं तर जाळी बरीचशी जाते. रबर सोलवर बुरशी आहे, ती कोरड्या मलमलीनं पुसली, ओला हात लावला नाही.

एक गोष्ट आजच कळली. ॲबी रोडच्या मागच्या बाजूला भिंतीवर जी सावली आहे तिच्यात कवटी दिसते म्हणतात. पूर्ण कव्हर हातभर अंतरावरून बघितलं तर खरंच दिसते, मलाही दिसली. झूम केलं की कवटी जाते आणि नुसते ठिपके राहतात. दोन्ही चित्रं पॅनेलवर शेजारी लावणार, खाली काही लिहायचं नाही.

९ जून
प्रत्येक खुणेला तीन प्रश्न असं ठरवलं : दावा काय, चित्र कधी काढलं, कोणी काढलं. दुसऱ्या प्रश्नानंच निम्मी यादी गळली.

अफवेप्रमाणे मृत्यूची तारीख ९ नोव्हेंबर १९६६, पहाटे. आता रबर सोल घ्या, कव्हरवरचे चेहरे खालून, कबरीतून वर बघितल्यासारखे लांबट दिसतात ही खूण, पण ती रेकॉर्ड डिसेंबर १९६५ ची. चेहरे लांबट झाले कारण फोटोग्राफर रॉबर्ट फ्रीमननं स्लाइड पुठ्ठ्यावर पाडून दाखवली तेव्हा पुठ्ठा मागे कलला, चौघांना ते आवडलं आणि त्यांनी तसंच ठेवा म्हणून सांगितलं. रिव्हॉल्व्हर ही रेकॉर्ड ऑगस्ट १९६६ ची. अमेरिकेत निघालेल्या येस्टर्डे अँड टुडेच्या कव्हरवर पॉल उघड्या ट्रंकेत बसलाय, कव्हर आडवं धरलं की ती शवपेटी वाटते, खूप गाजलेली खूण आहे ही. ती रेकॉर्ड जून १९६६ ची. माणूस मरायच्या पाच महिने आधी त्याच्या मरणाची खूण कोण ठेवणार?

मामाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "अगं पण ट्रंकेचं खरंच तसं दिसतं." दिसतं, खरंच दिसतं. पॅनेलवर हे वाक्य घ्यायचं.

१५ जून
आज नोव्हेंबर १९६६. गोष्ट अशी की स्टुडिओत भांडण झालं, पॉल रागानं गाडी घेऊन निघाला आणि गेला. पण त्या आठवड्यात स्टुडिओत कोणी नव्हतंच! रिव्हॉल्व्हरचं काम जूनमध्ये संपलं, २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा कार्यक्रम झाला, दौरे बंद आणि चौघं चार दिशांना. परत रेकॉर्डिंग सुरू झालं ते २४ नोव्हेंबरला. मधल्या काळात पॉल वेषांतर करून गाडीनं फ्रान्समध्ये हिंडत होता, तिथून पुढे केनियाला गेला, आणि तिकडून परत येताना विमानात त्याला सार्जंट पेपरची कल्पना सुचली.

आणि चौघांतला जॉर्ज हॅरिसन कुठे होता? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या मुंबईत. रविशंकरांकडे सतार शिकायला आला होता, ताजमध्ये उतरला होता, ओळखू येऊ नये म्हणून मिशी ठेवायचा सल्ला त्याला रविशंकरांनीच दिला होता. तरी लोकांनी ओळखलंच, हॉटेलखाली गर्दी झाली, मग पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि पुढचं शिक्षण काश्मीरला. हे इथे लिहायचं कारण मिशी. १९६७ च्या सुरुवातीला चौघांच्याही मिशा आल्या त्या नव्या माणसाचा चेहरा झाकायला, असं अफवेत आहे. पॉलच्या मिशीमागे वेगळं कारण होतं, डिसेंबर १९६५ ला लिव्हरपूलला मोपेडवरून पडून त्याचा ओठ फाटला होता आणि दात तुटला होता, तो व्रण झाकायचा होता. म्हणजे एक मिशी मुंबईतली आणि एक अपघातातली.

मामाच्या पिढीतल्या मुंबईकरांना ताजची ती गर्दी अजून आठवत असेल. कोणी भेटलं तर विचारायचंय.

१६ जून
काही केलं नाही. ऑफिस.

२२ जून
सार्जंट पेपर, अख्खा रविवार. डोंबिवलीलाच गेले होते कारण मामाला आरशाची करामत स्वतः करून दाखवायची होती. कव्हरवर चौघांच्या मागे नामवंतांच्या चित्रांची गर्दी आहे आणि मधोमध ढोल, त्यावर मंडळाचं नाव रंगवलंय. त्यातल्या 'लोनली हार्ट्स' या अक्षरांच्या बरोबर मध्यावर आरसा आडवा धरला की वरचा अर्धा भाग आणि त्याचं प्रतिबिंब मिळून वेगळीच अक्षरं होतात : एक, मग 'वन', मग रोमन आकड्यातला नऊ, मग 'ही', मग छोटी चौकट, मग 'डाय'. अकरा, नऊ, तो मेला. चौकटीचं टोक वर पॉलकडे. मामानं आजीचा कुंकवाचा आरसा घेतला, दोनदा हात हलला आणि तिसऱ्यांदा अक्षरं जुळली, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. हे ढोलाचं कातडं जो एफग्रेव्ह नावाच्या पेंटरनं रंगवलं होतं, मुख्य रचना पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या जोडप्याची, फोटो ३० मार्च १९६७ ला मायकल कूपरनं काढला.

पण अकरा-नऊ म्हणजे नऊ नोव्हेंबर हे वाचायला अमेरिकन व्हावं लागतं. महिना आधी आणि तारीख नंतर तेच लिहितात. इंग्लंडमध्ये आपल्यासारखंच, तारीख आधी. लिव्हरपूलच्या पोरांनी इंग्लंडमधल्या पेंटरकडून लिहून घेतलेलं अकरा-नऊ म्हणजे अकरा सप्टेंबर! ही अफवा वाढली अमेरिकेत, तर त्यांनी त्यांच्या पद्धतीनं वाचलं. मी हे मोठ्यानं बोलले तर मामा आरसा खाली ठेवून म्हणाला, "पन्नास वर्षांत माझ्या डोक्यात नाही आलं हे." आपण रोज बँकेच्या स्लिपवर तारीख आधी लिहितो, तरी नाही आलं. मलाही आज पहिल्यांदाच आलं.

दुसरं. पुढे फुलांमध्ये एक छोटी चार हातांची मूर्ती आहे. काही याद्यांमध्ये तिला शिव म्हटलंय, संहाराचा देव, हात पॉलकडे, म्हणून मृत्यूची खूण. अहो ती लक्ष्मी आहे. स्कॅन मोठा करून बघितला, आणि तसंही कव्हरवरच्या लोकांच्या याद्यांमध्ये तिची नोंद लक्ष्मी अशीच आहे. दिवाळीत ज्या घरात लक्ष्मीपूजन होतं त्या घरातल्या शाळकरी पोरालाही ही चूक कळेल. लक्ष्मीला मृत्यूची खूण करून टाकलं याचं मला वाईट वाटलं, राग म्हणता येणार नाही, पण वाईट वाटलं.

(याच कव्हरवर गांधीजीही होते. रेकॉर्ड कंपनी ईएमआयचे प्रमुख जोसेफ लॉकवूड म्हणाले भारतात लोक दुखावतील, आणि गांधीजींना काढलं. योगानंद आणि त्यांच्या परंपरेतले तीन गुरू मात्र राहिले. एवढा भारत त्या एका चित्रात आहे.)

२२ जून, रात्री
दुपारचं लिहायचं राहिलं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

कव्हरवर पॉलच्या डोक्यावर मागून कोणाचा तरी उघडा पंजा आलाय. तो इझी बॉन नावाच्या विनोदी कलाकाराचा हात. अफवेत या हाताला फार मान आहे, कारण "पूर्वेकडच्या काही संस्कृतींत डोक्यावर हात ही मृत्यूची खूण असते". इंग्रजीत हे वाक्य इतक्या ठिकाणी इतकं ठामपणे लिहिलंय की मीही वाचून पुढे गेले होते. पूर्वेकडे म्हणजे कुठेतरी चीन-जपानकडे असेल असं मनात धरलं बहुतेक.

आजी पलंगावर बसली होती, एकोणनव्वद वर्षांची आहे, तिला चष्म्यातून आता कमी दिसतं. कव्हर तिच्या मांडीवर ठेवलं आणि काही न सांगता विचारलं, आजी या मुलाच्या डोक्यावर हात का ठेवलाय? तिनं कव्हर डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "आशीर्वाद देतोय ना कोणीतरी. आयुष्यमान भव." आणि माझ्याही डोक्यावर हात ठेवला.

तीच तर पूर्व. आपणच. पाया पडलं की डोक्यावर हात येतो आणि त्याचा अर्थ जग, खूप जग. आमच्या नावावर कोणीतरी बरोबर उलटा अर्थ छापला, आणि तो पन्नास वर्षं फिरतोय कारण ज्यांच्या नावावर छापला त्यांना कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही स्वतःहून बोललो नाही. बारा पॅनेलचा मधला कणा हाच घ्यायचा. जिथे जिथे अफवेनं "पूर्वेत असं असतं", "भारतात असं असतं" म्हटलंय ती प्रत्येक जागा शोधायची आणि आपल्या घरात विचारायची.

२९ जून
ॲबी रोड. फोटो ८ ऑगस्ट १९६९, सकाळी साडेअकराच्या सुमारास, इयन मॅकमिलन शिडीवर, पोलिसानं ट्रॅफिक थांबवलेलं, एकूण सहा फोटो, त्यातला पाचवा घेतला. चौघं रांगेत रस्ता ओलांडतायत. जॉन लेनन पांढऱ्या कपड्यात म्हणजे धर्मगुरू, रिंगो स्टार काळ्यात म्हणजे अंत्यविधी करणारा, जॉर्ज जीन्समध्ये म्हणजे कबर खणणारा आणि मध्ये पॉल अनवाणी, म्हणजे प्रेत. शिवाय त्याचं पाऊल बाकीच्यांच्या उलटं आणि डावखुरा असून सिगारेट उजव्या हातात. पहिल्या फोटोंत त्याच्या पायात सँडल आहेत, गरम दिवस होता, नंतर काढल्या. आणि रंगांचंच म्हणाल तर आपल्याकडे शोकाला पांढरा, मग इथे दुःख जॉन करतोय आणि रिंगो नुसता सूट घालून चाललाय. त्याच चित्रातून तिसरीच गोष्ट निघते.

खरा वेळ गेला गाडीवर. मागे डावीकडे पांढरी फोक्सवॅगन बीटल उभी आहे, नंबर एल एम डब्ल्यू २८१ एफ. त्यातलं १ आणि एफ जोडून 'इफ' वाचायचं, म्हणजे 'अठ्ठावीस, जर', जर जगला असता तर अठ्ठावीस. यातलं एफ हे ब्रिटनमधलं वर्षाचं अक्षर, ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८ मध्ये नोंदलेल्या प्रत्येक गाडीला एफ. एम डब्ल्यू म्हणजे विल्टशर, आपल्या एमएच-०४ सारखं. पण पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा आणि ॲबी रोड निघाली २६ सप्टेंबर १९६९ ला, म्हणजे तो सत्तावीस वर्षांचा. एक वर्ष कमी पडतं. ते भरून काढायला म्हणे, भारतात वय गर्भापासून मोजतात.

मी लगेच पॅनेलवर लिहून टाकलं : चूक, आपल्याकडे पत्रिका जन्मवेळेवरून मांडतात, वाढदिवस जन्मापासून. हात, लक्ष्मी आणि आता हे, तिसरं खोटं सापडलं म्हणून खूश होते. आजीला वाचून दाखवलं.

आजी म्हणाली, "मुंजीचं आठवं कसं मोजतात मग?"

गर्भाष्टम. मुंज आठव्या वर्षी करतात ते आठवं गर्भापासून धरतात, भटजी सांगतात ना, गर्भाष्टमात करा म्हणजे सात पूर्ण व्हायच्या आसपास. माझ्या मावसभावाची तशीच झाली होती आणि मीच तिथे सुपाऱ्या वाटत होते! म्हणजे मोजतात. रोजच्या वयासाठी नाही, पण मोजतात. आणि नुसत्या चालू वर्षाचा हिशोब धरला तरी सत्तावीस पूर्ण म्हणजे अठ्ठाविसावं लागलेलं, आजी सगळ्यांची वयं अशीच सांगते.

पॅनेल खोडलं. नवीन मजकूर : आपल्याकडे गर्भापासून मोजायची रीत आहे पण ती संस्कारासाठी, कोणाचं वय विचारलं तर तसं सांगत नाहीत. हिशोब मात्र जुळतो. गाडी त्या जागी कोणी मुद्दाम ठेवली होती याला काही पुरावा नाही.
दावा खोटा ठरवायची मला घाई झाली होती. मामाला कॉलेजात खरा ठरवायची झाली होती तशीच.

६ जुलै
गोष्ट पसरली कशी याचं एकच पॅनेल, थोडक्यात. पहिली कुजबुज लंडनची, जानेवारी १९६७, एम-वन रस्त्यावर बर्फात पॉलचा ॲक्सिडेंट झाला अशी. फेब्रुवारीच्या बीटल्स बुक मासिकानं लगेच खोडली. मग अडीच वर्षं फारसं काही नाही. १७ सप्टेंबर १९६९ ला आयोवातल्या ड्रेक युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांच्या पेपरात टिम हार्परचा लेख आला. १२ ऑक्टोबरला डेट्रॉइटच्या डब्ल्यूकेएनआर-एफएमवर डीजे रस गिबला फोन आला की बीटल्सचं 'रेव्होल्यूशन ९' उलटं वाजवा. दोनच दिवसांनी मिशिगन डेलीत फ्रेड लाबूर या विद्यार्थ्यानं ॲबी रोडच्या परीक्षणाच्या नावाखाली मृत्यूचा अख्खा वृत्तांत लिहिला, आणि त्यातल्या पुष्कळ खुणा त्यानं स्वतः रचल्या होत्या. बदली आलेल्या माणसाचं विल्यम कॅम्पबेल हे नाव त्याचंच, ग्रीकमध्ये वॉलरस ('आय ॲम द वॉलरस' या त्यांच्या गाण्यातला) म्हणजे प्रेत हेही तिथलंच आणि तेही चूक. नंतर त्यानं रचल्याचं कबूल केलं, पण तोवर खुणा त्याच्या हातून निघून गेल्या होत्या.

पॉल स्वतः तेव्हा स्कॉटलंडमध्ये शेतावर, धाकटी मुलगी दोन महिन्यांची, जॉननं सप्टेंबरमध्येच आतल्या आत सांगून टाकलेलं की मी बँड सोडतोय. माणूस घरात गप्प बसलेला आणि समुद्रापलीकडे लोक त्याचं श्राद्ध घालतायत. ७ नोव्हेंबरच्या लाइफ मासिकाच्या कव्हरवर तो बायकामुलांसकट आला, तर लोकांनी तेही पान उजेडात धरलं. मागच्या बाजूला गाडीची जाहिरात होती आणि ती आरपार त्याच्या अंगावर दिसत होती.

१२ जुलै
ऑडिओचा छोटा स्टॉल करायचा ठरला, एक लॅपटॉप, दोन हेडफोन. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये 'रेव्होल्यूशन ९' मधलं 'नंबर नाइन' उलटं केलं. 'टर्न मी ऑन डेड मॅन' ऐकू येतं, पण शब्द माहीत असतील तरच. ऑफिसमधल्या तिघींना काही न सांगता ऐकवलं, एकीला ते तेलुगू वाटलं, दुसरीला नुसता आवाज, तिसरीला 'मॅन' एवढंच कळलं. मग शब्द सांगितले आणि तिघींनाही स्पष्ट ऐकू आलं, आणि नंतर न ऐकणं कोणालाच जमेना.

१४ जुलै
प्रिंट आल्या. सात नंबरचं पॅनेल, म्हणजे हाताचं, फारच काळपट आलंय, पंजा मागच्या गर्दीत मिसळून गेला. नेमकं तेच. आरजीबी (पडद्याच्या रंगांची) फाइल तशीच गेली होती, चूक माझी. सीएमवायके (छपाईच्या रंगांची) करून, हात थोडा उजळून परत दिलं, गुरुवारपर्यंत देतो म्हणाले. पाऊस इतका की दुकानात पॅनेलना ओल धरू नये म्हणून सनबोर्डवर चिकटवून वरून मॅट लॅमिनेशन करून घेतलं, बजेट गेलं.

२० जुलै
झालं. साठेक लोक आले असतील, पावसात. आरसा दोरीनं टेबलाला बांधून ठेवला होता, दिवसभर त्याच्याभोवती पोरं. एका सातवीतल्या मुलीनं अकरा-नऊ वाचलं आणि माझ्या पॅनेलवरचं उत्तर न बघताच म्हणाली, "म्हणजे सप्टेंबर." तिच्यासाठी खुणेत काही नव्हतंच.

आजीला रिक्षानं आणलं. सात नंबरच्या पॅनेलखाली फक्त दोन ओळी आहेत, इंग्रजी याद्यांमधला दावा आणि त्याखाली आजीचं वाक्य, नावाशिवाय. एक काका बराच वेळ तिथे उभे होते, म्हणाले, हा दावा मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलोय आणि आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर नातवंडं पाया पडतात, मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवतो. पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

शेवटी मामानं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' वाजवलं, मामाच्या रेकॉर्डवरूनच. अगदी शेवटी जॉन लेनन काहीतरी पुटपुटतो, अफवेत ते 'आय बरीड पॉल', मी पॉलला पुरलं. लेननच्या सांगण्याप्रमाणे ते 'क्रॅनबेरी सॉस', आणि १९९६ च्या अँथॉलॉजी या संग्रहात त्याच गाण्याचा दुसरा टेक आहे त्यात ते स्वच्छ ऐकू येतं. आधी सगळं समजावून सांगितलं, मग तीनदा वाजवलं, आवाज वाढवून. हात वर करायला सांगितले तर साधारण निम्म्यांना अजूनही 'पुरलं' हेच ऐकू आलं. मामाचाही हात त्यातच होता. "मला माहितीये तो सॉस म्हणतोय," मामा म्हणाला, "पण कानाला विसाव्या वर्षी जे शिकवलं ते तो सोडत नाही."

क्रम चुकला माझा. ऑफिसमध्ये आधी ऐकवलं होतं आणि मग सांगितलं होतं, इथे उलटं केलं. सप्टेंबरच्या बैठकीला परत वाजवायचं, सुरुवातीला एक शब्दही न बोलता, आणि ज्याला जे ऐकू येईल ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. मामाच्या प्लेयरची सुई घासलीये, शेवटच्या भागात खरखर येते. नवी मागवलीये, ती यायला आठवडाभर लागेल.